रंकाळ्याकडं घ्यावं की पाचगाव-आर. के. नगरकडं?

पेठेतलं घर वाटणीत लहान झालं की कोल्हापूरचा माणूस आधी दोन दिशांना गाडी फिरवून येतो. एक म्हणजे रंकाळा तलावाला वळसा घालून साने गुरुजी वसाहत, आपटेनगर, देवकर पाणंद, फुलेवाडी रिंगरोड. दुसरी म्हणजे सायबर चौकातून वर आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव. बावडा, उजळाईवाडी, कळंबा यांचाही विचार होतो, पण फिरून फिरून गाडी या दोन बाजूंवरच येते. मी पश्चिम बाजू निवडली आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

जमीन कशी आहे ते कोल्हापुरात जागेचं नावच सांगतं. ज्या नावात ‘पाणंद’ किंवा ‘मळा’ आहे तिथं कधीकाळी ऊस होता, म्हणजे खाली काळी माती आणि जवळ पाणी. ‘माळ’ किंवा ‘टेकडी’ म्हटलं की वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. देवकर पाणंद आणि सागरमाळ ही दोन नावं शेजारी लिहिली की अर्धी तुलना झाली. रमणमळ्याचं नाव पुराच्या बातम्यांत का येतं हेही त्यातच आलं.

रंकाळा मुळात दगडाची खाण होता असं सांगतात. काठावरची इराणी खाण आणि पलीकडचा क्रशर चौक पाहिला की हे पटतं. संस्थानी काळात हा काठ म्हणजे शहराबाहेरची हवाशीर जागा. पश्चिम काठावर १९३१ ते १९३४ या काळात काळ्या दगडातला शालिनी पॅलेस उभा राहिला, जवळच शालिनी सिनेटोन आलं, पुढं शांतकिरण स्टुडिओ. म्हणजे सामान्य माणसाच्या आधी इथं राजघराणं आणि सिनेमावाले पोचले होते. उरलेल्या शिवारात ऊस आणि गुऱ्हाळं. वसाहती त्यानंतरच्या, आणि त्या शिवाराच्या वाटांवरच वसल्या. म्हणून आतले रस्ते अजूनही बांधाबांधानं वळतात. बाहेरचा पाहुणा हमखास चुकतो.

पूर्व-दक्षिणेचा माळ याच्या उलट. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ त्या उजाड माळावर गेलं आणि शहराचं तोंड तिकडं वळलं. मोरेवाडीला चित्रनगरी, गोकुळ शिरगावला एमआयडीसी, उजळाईवाडीला विमानतळ, पलीकडं पुणे-बेंगळुरू महामार्ग. नोकरदार, प्राध्यापक आणि कारखान्यातले लोक यांनी ही बाजू भरली. प्लॉट चौकोनी, हवा कोरडी, संध्याकाळचा वारा असा की पंखा लावायची गरज नाही. रंकाळ्यावर कितीही प्रेम असलं तरी तिथली मे महिन्यातली रात्र आर. के. नगरच्या रात्रीची बरोबरी करत नाही, हे कबूल.

रंकाळ्याच्या बाजूची दुखणी झाकण्यात अर्थ नाही. तलाव वसाहतींच्या मधोमध आला आणि वसाहतींचे नाले तलावात आले: श्याम सोसायटी, सरनाईक वसाहत, देशमुख हॉल, परताळा. ते वळवायची कामं झाली, तरी जोराचा पाऊस झाला की सांडपाणी पुन्हा तलावाची वाट धरतं. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पोसतं, केंदाळ सडलं की वास येतो, आणि साचलेल्या पाण्यावर डास. वास सगळीकडं सारखा नसतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळं त्रास पूर्व काठाला, म्हणजे रंकाळा टॉवर आणि दुधाळीकडं जास्त. पॅलेसच्या मागच्या बाजूला तो क्वचित जाणवतो. तेव्हा ‘रंकाळा व्ह्यू’ची जाहिरात वाचली की आधी कोणत्या काठावरून व्ह्यू आहे ते विचारावं. तलावापासून दोन किलोमीटरवरच्या इमारतीलाही हे नाव देतात, तो भाग वेगळा.

दुसरं दुखणं चौपाटीचं. रविवारी संध्याकाळी सहा ते साडेनऊ भेळ, आइस्क्रीम, सहकुटुंब सहपरिवार गर्दी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चारचाकी. त्या वेळात चौपाटीवरून घरी जायचा हट्ट धरू नये, फुलेवाडी रिंगरोडनं यावं. अनंत चतुर्दशीला मिरवणुका इराणी खाणीकडं येतात. काठावर राहणाऱ्यानं त्या दिवशीची गाडी आदल्या रात्रीच बाहेरच्या बाजूला लावलेली बरी. म्हणून काठावरची पहिली रांग घेऊ नये असंच मी सांगेन. चालत दहा मिनिटांवर राहावं आणि पहाटे तलावाला एक फेरी मारावी, चार-साडेचार किलोमीटर होतात. तलावातला जुना दगडी संध्यामठ पाण्याबाहेर किती आला आहे ते रोज दिसतं. उन्हाळा किती बाकी आहे याचा अंदाज मला तरी कॅलेंडरपेक्षा त्यावरून बरा येतो.

आता ज्या गोष्टीनं माझं पारडं फिरलं ती: टँकर.

पाचगाव, मोरेवाडी आणि आर. के. नगरचा मोठा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. ती ६६.८२ चौरस किलोमीटरवरच अडली आहे, वस्ती मात्र पुढं गेली. रस्त्यावर हद्द दिसत नाही, नळावर दिसते. तिकडं पाणी येतं ते गांधीनगरसह तेरा गावांच्या नळपाणी योजनेतून. ही योजना गावांच्या लोकसंख्येसाठी आखलेली, आणि गावांची उपनगरं झाली. त्यात पाचगाव उंचावर. पाण्याच्या वाटेवर जो शेवटी आणि वर असतो त्याच्याकडं दाब सगळ्यात कमी, हे कुठल्याही नळयोजनेचं गणित आहे.

हिशोब घालून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर बारा फ्लॅटच्या इमारतीत, घरटी चार माणसांप्रमाणं, ६,४८० लिटर लागतात. नळ बंद असेल तर तीन दिवसांत दहा हजार लिटरचे दोन टँकर. पैशांचं मी मनावर घेत नाही, ते बारा घरांत वाटून जातात. त्रास वेगळाच आहे. टँकर सांगून येत नाही. ‘दहापर्यंत पोचतो’ म्हणजे दुपारी दोन, किंवा रात्री अकरा. कुणीतरी घरी थांबून टाकीचं झाकण उघडायचं, होज आत नीट बसली का बघायचं, तळाचा गाळ येऊ लागला की ओरडून बंद करायला लावायचं. गल्ली वीस फुटांची आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील तर टँकर कोपऱ्यावरच थांबतो आणि होज पुरत नाही. चढावरच्या गल्लीत भरलेला टँकर मागं घ्यायला ड्रायव्हर तयार होत नाही, आणि त्याचं चूकही नाही. आलेलं पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारून उपयोग नसतो. दहा हजार लिटरला २५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. हे काम बारा घरांतलं एकच घर करतं. ते घर कुठलं, हे पहिल्या महिन्यातच ठरून जातं.

‘बोअर आहे की’ असं विक्रेता सांगेल. असतेच. पण कातळातली बोअर भेगेवर चालते. भेग लागली तर पाणी, आणि शेजारच्या चार प्लॉटनी तीच भेग गाठली की एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच मोटारी हवा ओढतात. शिवाय पाणी जड. साबणाला फेस नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली, कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त करूनही तूरडाळ नीट शिजत नाही. गिझर वर्षातून एकदा उघडून साफ करणं हा तिकडचा नेमच समजा.

पावसाचं पाणी साठवण्याचा सल्लाही मिळेल. चांगला आहे, पण आकडा बघून घ्यावा. वर्षाचा पाऊस साधारण १,००० मिलिमीटर धरला तर हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून, गळती-उडणं वजा जाता, सत्तर-पंचाहत्तर हजार लिटर मिळतात. चौघांना चार महिने पुरतील एवढे. अडचण एवढीच की ते येतं जून ते सप्टेंबरात, तेव्हा नळालाही पाणी असतं, आणि लागतं एप्रिल-मेमध्ये. दहा हजारांची टाकी एकदा भरली की बाकीचं वाहून जातं. विद्यापीठानं त्याच माळावर तळी-विहिरींत पाणी अडवून दाखवलं आहे, पण त्यांच्याकडं आठशेपेक्षा जास्त एकर आहेत, तुमच्याकडं दोन गुंठे.

त्या दोन गुंठ्यांत आणखी एक मेख. प्लॉट धरा ३३ बाय ६६ फूट. ड्रेनेजलाईन नाही, म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा स्वतःचा. बोअर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट हवेत. स्वतःच्या प्लॉटमध्ये कसेबसे साधतील, शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरपासून किती लांब आहे हे कोण मोजणार? कातळ पाणी शोषत नाही. पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि उतारावरच्या खालच्या घराच्या भिंतीतून पाझरतो. म्हणून तिकडं घ्यायचंच झालं तर उताराच्या वरच्या अंगाचा प्लॉट बघा, आणि नळाची जोडणी त्याच प्लॉटच्या नावावर आहे का ते पावतीवरून बघा.

पश्चिमेला नळ गंगेसारखा वाहतो असं मात्र नाही. काळम्मावाडी धरणाहून सुमारे ५३ किलोमीटर पाईपलाईननं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला येतं, ते नोव्हेंबर २०२३ पासून. पंचगंगेच्या पाण्यापेक्षा ते खूपच बरं. पण लाईन लांब म्हणजे बिघडण्याच्या जागाही जास्त. पंप बंद, वीज गेली, गळती निघाली की उपनगरांचा दाब आधी पडतो, आणि आपटेनगर-साळोखेनगरच्या बाजूलाही टँकर दिसतात. फरक एवढाच, की इकडं टँकर आला तर लोक ‘काय झालं?’ विचारतात. तिकडं टँकर आला नाही तर विचारतात.

पुराचं थोडक्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ फुटांना. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. माळावर पूर येत नाही. रंकाळ्याच्या दक्षिण-पश्चिमेच्या वसाहतीही नदीच्या पट्ट्यात नाहीत, मात्र दुधाळीचा सखल भाग आणि फुलेवाडीच्या खालच्या अंगाची घरं नीट चौकशी करूनच घ्यावीत. बालिंग्यापुढं गगनबावडा रस्ता बंद होतो तसा पलीकडं शिरोलीजवळ महामार्गही बंद होतो, त्यामुळं अडकायला दोघंही सारखेच. त्या दोन्ही वर्षी नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं सगळं शहर टँकरवर आलं होतं, आणि तेव्हा बोअरवाले निवांत होते, हेही लिहायला हवं.

बांधकामात काळ्या मातीचा खर्च पश्चिमेला. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि पाया वरवर असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. तयार घर बघताना आधी तेच कोपरे बघा. नुकता रंग दिलेला असेल तर जास्त बारकाईनं. जोत्याखाली दोन-तीन फूट काळी काढून मुरूम भरला होता का ते विचारा. जमिनीत पुरलेली फायबरची टाकी जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी करू नका, खालच्या पाण्याच्या दाबानं ती वर उचलली जाते. माळावर पाया स्वस्त, कातळ तीन-चार फुटांवर लागतो, पण सेप्टिक टँकच्या खड्ड्याला ब्रेकर आणावा लागतो. खर्च म्हणाल तर इकडून तिकडं.

कागदांचं दोन्हीकडं तेच: एनए (बिगरशेती) आहे का, की गुंठेवारी आहे, आणि सातबारावर दहा नावं आहेत का. पाचगाव-मोरेवाडीत बांधकाम परवानगी शहराभोवतीच्या ४२ गावांच्या विकास प्राधिकरणाची लागते, नुसता ग्रामपंचायतीचा दाखला बँक मानत नाही. घरफाळा तिकडं कमी. हद्दवाढ झाली तर वाढेल, आणि त्याबरोबर पाणीही वाढेल असं गृहीत धरू नका.

नोकरी गोकुळ शिरगावात असेल तर रोज अख्खं शहर ओलांडून रंकाळ्याला येण्यात शहाणपण नाही, अशा माणसानं खुशाल आर. के. नगर घ्यावं. दुकान महाद्वार रोडला, मुलं पेठेतल्या शाळेत आणि आईवडिलांना अंबाबाईला चालत जायचं असेल तर पश्चिमच. मधल्या कुणाला ठरवता येत नसेल त्यानं दोन्ही बाजू मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघाव्यात, दिवाळीत नव्हे. दिवाळीत तलाव भरलेला असतो आणि माळ हिरवा. जी इमारत आवडेल तिथल्या सेक्रेटरीकडं मागच्या एप्रिल-मेच्या टँकरच्या पावत्या मागा. पावत्या नाहीत म्हणाले तर टाकीचं झाकण उघडून बघा. झाकणाच्या कडेला होज घासून पडलेली खाच असते. रंगाखाली ती लपत नाही.