सोसायटीच्या टाक्यांवर सेन्सर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जमिनीखाली ५ बाय ४ मीटरची टाकी, प्रत्येक विंगच्या गच्चीवर ३ बाय २ ची. खाली पाण्यात सोडलेला, पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा सेन्सर, वर अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरी पाण्यावर आपटवून अंतर मोजणारा. रीडिंग लोरावरून (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) ऑफिसातल्या गेटवेवर, म्हणजे ते पकडणाऱ्या डब्यावर येतं.

अ‍ॅपवरचा ‘टाकी ७२ टक्के’ हा आकडा पंधरा दिवसांनी कोणी बघत नाही. कामाचा आहे तो रात्री २ ते ४ चा आलेख. त्या वेळी गच्चीवरच्या टाकीची रेघ जवळपास आडवी हवी. १ सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर. तासाला २ सेंटीमीटर उतरत असेल तर दिवसाला २,८८० लिटर गेले, तेही कुठे ओल न दिसता. बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीतला झिजलेला वॉशर निघतो. रोज रात्री एकेका लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवला की गळकी लाइन सापडते. हे एवढं काम झालं तरी पैसे वसूल.

अल्ट्रासॉनिकला समोरचे २०-२५ सेंटीमीटर दिसतच नाहीत. बसवणारा तो ओव्हरफ्लोच्या अगदी जवळ लावून मोकळा होतो. मग टाकी भरत आली की रीडिंग भरकटतं आणि त्याच रीडिंगवर चालणारा पंप चालूच राहतो. ओव्हरफ्लोच्या वर ३० सेंटीमीटर तरी सोडा. शिडी आणि इनलेटची धार समोर नको. थंडीत सेन्सरच्या तोंडावर थेंब धरतात, तेव्हा पाच रीडिंग लहान-मोठी लावून मधलं घ्या.

खालच्या सेन्सरने जास्त छळलं. त्याच्या केबलमध्ये बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी बारीक नळी असते; तो वजा झाला तरच फक्त पाण्याचा दाब उरतो. पाणी जाऊ नये म्हणून प्लंबर ते टोक टेपने गच्च गुंडाळतो, आणि वापर नसतानाही आलेखात टाकी रोज दोनदा चढते-उतरते! हवेचा दाब आपल्याकडे सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वाढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक ३ मिलिबारचा धरला तरी पातळीत ३ सेंटीमीटर, म्हणजे या टाकीत ६०० लिटर. टोक कोरड्या बॉक्समध्ये, उघडंच ठेवायचं. रेंजसाठी लोराची अँटेना स्लॅबच्या बाहेर काढा, लोखंडी झाकणाखाली नको.

पंप सेन्सरच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. जुना फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) कंट्रोल सर्किटमध्ये सिरीजमध्ये राहू द्या, म्हणजे दोघांपैकी एकाने तोडलं तरी पंप थांबतो. सेन्सरच्या रिलेने (छोट्या विजेच्या स्विचने) फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचची कॉइल चालवा, मोटरचा करंट त्यातून नको.

फ्लॅटनिहाय बिलाचं आश्वासन विक्रेता हमखास देतो. जुन्या इमारतीत स्वयंपाकघर आणि प्रत्येक बाथरूमला वरून वेगळी लाइन येते, म्हणजे एका फ्लॅटला तीन-चार मीटर. शिवाय रिकाम्या लाइनमध्ये पाणी सोडलं की आधी हवा सुटते आणि साधा मीटर तीही मोजतो. त्याचं भांडण शेवटी सेक्रेटरीच्या दारात. आम्ही विंगला एकच मीटर ठेवला.