लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड बसवून घेताना: आधी एसएमपीएस तपासणारे दुकान

जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवून घ्यायचे ठरले की मुंबईकरांची पावले लॅमिंग्टन रोडकडे, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाकडे, वळतात. कार्ड विकणारी दुकाने तेथे पुष्कळ आहेत. परंतु कार्डाचा भाव सांगण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचे, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे, लेबल वाचणारे दुकान मला या खेपेस प्रथमच भेटले. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा हा लहानसा गाळा आहे. नावापेक्षा त्यांची कामाची पद्धत सविस्तर सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण ती कोणत्याही दुकानात आग्रहाने मागून घेता येते.

मुलीला वास्तुरचनेच्या अभ्यासासाठी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरवर काम करावे लागते, म्हणून आम्ही आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड निश्चित केले होते. या कार्डाला १७० वॅट वीज लागते. मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पटलाच्या) स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; उरलेली वीज एसएमपीएसमधून थेट कार्डाला जोडलेल्या केबलने द्यावी लागते, आणि त्या केबलच्या सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट घेता येतात. तंत्रज्ञाने आमच्या एसएमपीएसच्या लेबलवर बोट ठेवले. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते, पण १२ व्होल्टच्या रकान्यात केवळ १८ अँपिअर. “काकू, गुणाकार करून बघा,” तो म्हणाला, “२१६ वॅट होतात. प्रोसेसर, पंखे आणि कार्ड, सगळ्यांना यातच भागवायचंय.” एकट्या प्रोसेसरलाच ६५ वॅट लागतात, हे लक्षात घेतल्यावर नव्या एसएमपीएसचा खर्च मला मुळीच अनाठायी वाटला नाही. कार्डाच्या कंपनीनेही ५५० वॅटची शिफारस केलेली आहे, आणि आम्ही तेवढ्याच क्षमतेचा घेतला.

स्वस्तातला मार्ग म्हणून मी अ‍ॅडाप्टरविषयी विचारले होते. साटाच्या, म्हणजे एरवी हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, दोन जोडण्यांपासून आठ पिना काढून देणाऱ्या तारा त्या भागात सहज मिळतात. त्या लावण्यास त्याने स्पष्ट नकार दिला, आणि कारणही दिले: साटाची एक जोडणी १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट सोसते; दोन मिळून १०८ वॅट झाले, तर आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकते. मधली तफावत प्लास्टिक वितळण्याच्या रूपाने बाहेर येते. विकता येण्यासारखी वस्तू ग्राहकाच्या हितासाठी न विकणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

प्रत्यक्ष बसवण्याचे कामही तितकेच नेटके झाले. वायर काढल्यावर पॉवरचे बटण दाबून उरलेला विद्युतभार उतरवणे, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवणे, मागच्या दोन पट्ट्या काढणे आणि मग कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्ये टोकाची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत सरळ दाबणे, यांतील एकही पायरी त्याने गाळली नाही. केबल निवडताना मात्र तो मुद्दाम थांबला. प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते, पण ती चार-चारमध्ये विभागते आणि कार्डाची सहा-दोनमध्ये. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असल्याने जोर लावून चुकीची केबल घुसवल्यास कार्ड जळू शकते. हे त्याने दोन्ही टोके मुलीच्या हातात देऊन दाखवले.

शेवटी कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी लावून त्याने एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या) जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेशी मल्टिमीटरच्या काड्या टेकवल्या. १२ व्होल्टच्या पुरवठ्यात पाच टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टचा फरक चालतो; आमचा आकडा ११.९ च्या खाली उतरला नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डाला लावायची असते, हेही त्याने बजावून सांगितले.

उणिवा आहेत. गाळ्यात बसायला जागा नाही, दुपारी गर्दीमुळे बराच वेळ जिन्यात ताटकळावे लागते, आणि घरी येऊन काम करण्याची सोय नसल्याने कॅबिनेट टॅक्सीतून न्यावे-आणावे लागते. परतीच्या प्रवासात ते आडवे, मदरबोर्ड खाली राहील असे ठेवावे, म्हणजे कार्डाचे वजन स्लॉटवर लोंबकळत नाही. ही सूचना दुकानाने स्वतःहून द्यायला हवी होती, ती मला विचारून घ्यावी लागली. केबलही थोड्या घाईने बांधल्या आहेत. बिल मात्र जीएसटीसह पक्के मिळाले, त्यावर कार्ड आणि एसएमपीएस दोन्हींचे सिरियल नंबर आहेत, आणि बसवण्याची मजुरी वेगळी दाखवलेली आहे. पुढच्या वर्षी धाकट्याच्या डेस्कटॉपसाठीही मी याच दुकानात जाणार आहे.