तोतरेपणासाठी स्पीच थेरपी: वर्षभराच्या सरावानंतर

आधीच सांगतो, माझं अडखळणं गेलेलं नाही. तरीही ही थेरपी मी कुणालाही करायला सांगेन.

लहानपणी वेखंड चाटवून झालं, तोंडात खडे धरून वाचून झालं, ‘सावकाश बोल’ तर रोजचंच. मोठेपणी मी शब्द टाळायला शिकलो. ‘क’वर अडकतो म्हणून कराडला उतरायचं असताना एसटीत इस्लामपूरचं तिकीट काढायचो. ऑफिसात बऱ्याच जणांना मी फक्त अबोल वाटायचो.

थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या भेटीत माझं वाचन आणि गप्पा रेकॉर्ड केल्या आणि टाळलेल्या शब्दांची यादी मागितली. ती वाचून म्हणाल्या, “अडखळण्यापेक्षा हे लपवणंच तुम्हाला जास्त थकवतंय.” इतकी वर्षं हे कुणी बोललं नव्हतं. यामागे मेंदूतल्या बोलण्याच्या नियंत्रणातला फरक असतो, पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. माझ्या आत्याही अडखळत. भित्रेपणाचा शिक्का पुसला गेला.

तंत्रं साधी आहेत, सराव किचकट. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला घट्ट चिकटतो. तो हलका टेकवायचा आणि पुढचा स्वर थोडा लांबवायचा. मध्येच अडकलो तर शब्द सोडून पळायचं नाही, तिथल्या तिथे ताण सैल करत तो पूर्ण करायचा. खोलीत हे लवकर जमलं. बाहेर जमायला महिने गेले. सगळ्यात अवघड गृहपाठ म्हणजे दुकानात मुद्दाम अडखळायचं. पहिल्यांदा घाम फुटला. दुकानदाराने शांतपणे साखर मोजून दिली. भीती खऱ्या अर्थाने उतरली ती इथे. आपलाच आवाज किंचित उशिरा ऐकवणारं ॲपही वापरलं. सुरुवातीला फरक पडला, मग पडेनासा झाला.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी जरूर बघा. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला वाक् श्रवण संस्था आहे. ‘महिनाभरात कायमचं बरं’ असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. मूल अडखळत असेल तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणत बसू नका. बऱ्याच मुलांचं जातं, पण कुणाचं राहणार हे घरबसल्या कळत नाही, एकदा दाखवून घ्या.

कराडचं तिकीट मी आता कराडचंच काढतो, कधी अडखळत, कधी सरळ. फोन मात्र अजून जड जातो. मॅडमबरोबर सध्या त्यावरच काम चालू आहे.