बोव्हाइन एसएनपी50 चिप: वाचन चोख, मार्करचे पत्ते मात्र तपासून घ्या

इल्युमिना कंपनीच्या या डीएनए-चिपची तिसरी आवृत्ती गाईच्या गुणसूत्रांवरचे 53,218 मार्कर, म्हणजे जनावरागणिक डीएनएचं अक्षर बदलतं अशा जागा, वाचते. दोन मार्करमधलं अंतर सरासरी 50 हजार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास. एका चिपवर 24 नमुने बसतात; प्रत्येकी 4 मायक्रोलिटर डीएनए लागतो, 50 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. हे प्रमाण फ्लुरोमीटरनेच मोजा. स्पेक्ट्रोफोटोमीटर आरएनएसुद्धा डीएनएतच धरतो, आकडा फुगतो आणि कॉल रेट (नीट वाचल्या गेलेल्या मार्करचं प्रमाण) घसरतो. 95 टक्क्यांखालचा नमुना सरळ काढून टाकावा.

वाचन उत्तम. गोंधळ होतो तो मार्करच्या जागेचा. जुन्या फायलींतल्या जागा यूएमडी3.1 या गाईच्या जुन्या संदर्भ जनुकसंचावर बेतलेल्या आहेत, त्यानंतरचा संदर्भ एआरएस-यूसीडी1.2 आहे. फरक किरकोळ नाही: दुधातल्या फॅटशी जोडलेला डीजीएटी1 जनुकातला प्रसिद्ध बदल 14 व्या गुणसूत्रावर यूएमडी3.1 मध्ये 1.80 मेगाबेसला (मेगाबेस म्हणजे दहा लाख बेस) होता, एआरएस-यूसीडी1.2 मध्ये 0.61 ला. दोन प्रयोगांचा डेटा तसाच जोडला तर एकच क्यूटीएल (गुणधर्माशी जोडलेला डीएनएचा भाग) दोन ठिकाणी दिसेल.

म्हणून मॅनिफेस्टमधले (चिपच्या मार्करच्या यादीतले) 50 बेसचे प्रोब, म्हणजे मार्कर ओळखणारे डीएनएचे तुकडे, नव्या संदर्भावर पुन्हा जुळवा आणि एकाच जागी बसणारेच ठेवा. बहुतेक प्रोबमध्ये बदलणारा बेस प्रोबच्या आत नसतो, 3' टोकाच्या लगेच पुढे असतो. उलट्या धाग्यावर जुळणी झाली तर तो सुरुवातीच्या एक बेस आधी येतो. ए/टी आणि सी/जी मार्करना दोन प्रोब असतात, तिथे मात्र शेवटचाच बेस धरायचा. चूक बहुधा इथेच होते.

प्लिंक या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये --cow हा पर्याय विसरू नका. नाहीतर माणसाच्या हिशेबाने 23 वं गुणसूत्र एक्स धरलं जातं, आणि गाईत तिथे तर प्रतिकारशक्तीचं बोला संकुल आहे! नरांमध्ये एक्स एकच असतो; तिथे विषमयुग्मी कॉल (एकाच जागी दोन वेगळी अक्षरं) दिसले, तर तो मार्कर स्यूडोऑटोसोमल (एक्स आणि वायमध्ये सामायिक) भागातला आहे की चुकीच्या जागी बसवलाय, हे आधी पाहा.

वशिंडाच्या गाईंसाठी मात्र चिप तोकडी पडते. मार्कर मुख्यतः युरोपीय वंशाच्या जातींतून निवडलेले, त्यामुळे झेबूत, म्हणजे या वशिंडाच्या गाईंत, बरेच एकरूप (सगळ्यांत सारखेच) निघतात आणि उपयोगी मार्करमधलं अंतर वाढतं. तिथे 777,962 मार्करची एचडी चिप घ्यावी. म्हशीवर ही चिप वापरूच नये: तिची गुणसूत्रं 50, गाईची 60, आणि फार थोडे मार्कर तिच्यात बदलते निघतात.