जयपूर की जोधपूर?

राजवाडेच पाहायचे आणि हाताशी दोनच दिवस, तर मी जोधपूर म्हणेन.

जयपूर सोयीचं, यात वाद नाही. दिल्लीहून सकाळी निघालं की दुपारी पोहोचता येतं. सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेलं हे शहर आखीव आहे. आमेर, जंतरमंतर, हवामहल दोन दिवसांत आरामात होतात. सिटी पॅलेसमधले चांदीचे अजस्र घडे चुकवू नका. 1902 मध्ये जयपूरचे महाराजा माधोसिंह द्वितीय इंग्लंडला गेले, ते यांत गंगाजल भरून घेऊन! पण गर्दी फार. हवामहलासमोर धड उभंही राहता येत नाही.

जोधपूरचा मेहरानगड मात्र अंगावर येतो. राव जोधांनी 1459 मध्ये पाया घातलेला हा गड, खाली निळी घरं. चढताना एका दरवाजाच्या भिंतीवर तोफगोळ्यांचे खड्डे दिसतात. पुढे लोहापोळ या दरवाजावर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे, शेंदूर माखलेले. काही पंजे इतके लहान आहेत की पोटात कालवतं. तिथे थोडं थांबाच.

लहान मुलं बरोबर असतील तर जयपूर बरं. जोधपूरचा चढ त्यांना दमवतो. आणि कुठेही जा, थंडीतच जा.