एम्सिसॉफ्टचा फुकट डिक्रिप्टर: माझ्या पत्रिका बचावल्या, साडूचे फोटो नाहीत

डिक्रिप्टर म्हणजे व्हायरसनं कुलूप घातलेल्या फाइली उघडणारं सॉफ्टवेअर; हा एम्सिसॉफ्ट कंपनीचा. खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आषाढात धंदा थंड, म्हणून नवं कोरल (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) फुकटात घालायचा मोह झाला. पेन ड्राइव्हवरचा क्रॅक (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट) चालवला, तर स्क्रीनवर 'विंडोज अपडेट' सुरू. मी चहाला गेलो.

परत येतो तर प्रत्येक फाइलच्या शेपटाला चार अनोळखी अक्षरं, आणि फोल्डरात 'रीडमी' नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. आषाढ सेलच की! ते अपडेटही खोटंच होतं. त्याच्या आड फाइलींना कुलपं लागत होती.

बेळगावातल्या एका दुकानात मशीन नेलं. त्यांनी नीट न बघताच "फॉरमॅट मारूया" म्हटलं. दहा वर्षांच्या पत्रिका होत्या त्यात! उचलून घरी आणलं. अँटिव्हायरसच्या साइट उघडेनात. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये (साइटच्या पत्त्यांची यादी) फेरफार करून त्या बंद करणं हीसुद्धा या व्हायरसचीच खोड. मुलीच्या लॅपटॉपवरून चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल 'आयडी रॅन्समवेअर' या खंडणीखोर व्हायरस ओळखणाऱ्या साइटवर चढवली. व्हायरसचं नाव कळलं: स्टॉप, उर्फ डीजेव्हीयू.

आधी व्हायरस साफ केला (डिक्रिप्टर ते करत नाही), मग हा डिक्रिप्टर चालवला. सगळा खेळ किल्लीचा आहे. व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं तर प्रत्येक मशीनला वेगळी किल्ली. नाही आलं तर व्हायरसच्या पोटातली ठरलेली, सगळ्या मशीनांना एकच अशी ऑफलाइन किल्ली. तिची ओळख म्हणजे सी ड्राइव्हच्या 'सिस्टिमआयडी' फोल्डरातला आयडी 'टी१' ने संपतो. आमच्याकडे त्या दिवशी पावसानं नेट गेलेलं. खानापूरच्या पावसाला पहिल्यांदाच हात जोडले. माझ्या व्हायरसची ऑफलाइन किल्ली एम्सिसॉफ्टकडे होती. रात्रभरात पत्रिका उघडल्या, वेलबुट्टीसकट.

निपाणीच्या साडूचा फोटो स्टुडिओ. त्याचं नेट चालू होतं, तर हाच डिक्रिप्टर सरळ 'ऑनलाइन आयडी, किल्ली नाही' म्हणाला. हा व्हायरस फाइलीचा पहिला सुमारे १५० केबीच भाग बिघडवतो, म्हणून लग्नाचे मोठे व्हिडिओ दुसऱ्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरनं बरेचसे चालले. फोटो मात्र गेले.

चार तारे. कुलूपवाल्या फाइली तो न पुसता तशाच ठेवतो, त्यामुळे मध्यरात्री डिस्क भरली आणि मला उठावं लागलं. एक तारा त्याचा कापला.