ठाणे खाडीतील रोहितदर्शन : एका बोटफेरीचा अभिप्राय

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो (म्हणजेच रोहित पक्षी) अभयारण्याला, म्हणजे २०१५ मध्ये घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेल्या या पाणथळीला, फेब्रुवारीत आम्ही नवी मुंबईच्या बाजूने एका खासगी आयोजकाच्या बोटीतून भेट दिली. लाइफ जॅकेटे स्वच्छ होती, बोट वेळेवर सुटली. त्याबद्दल तक्रार नाही.

बोट चालवणारे काका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नसल्याने हंगामातल्या या फेऱ्यांवरच घरखर्चाचा बराच भाग भागतो, असे ते म्हणाले. तिकिटातला किती हिस्सा त्यांच्या हातात पडतो, असे विचारल्यावर मात्र ते नुसतेच हसले.

खरा आक्षेप पुढचा आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात मान खाली घालून, चोच उलटी धरून रोहित पक्षी शेवाळ गाळून खात असतात, आणि त्यांना पोट भरायला मिळतात ते हेच मोजके तास. छायाचित्रांच्या हट्टापायी (हट्ट करणाऱ्यांत आमच्या गटातलेही दोघे होते) आयोजकाच्या माणसाने बोट इतकी जवळ घ्यायला लावली, की पुढच्या रांगेतल्या माना एकदम वर झाल्या आणि अख्खा थवा उडाला. बोटीत टाळ्या वाजल्या. काकांनी न सांगताच इंजिन बंद केले. परतताना खारफुटीच्या श्वसनमुळांत वेफर्सची पाकिटे अडकलेली दिसली, पण आमच्या बोटीत कचऱ्याची साधी पिशवीही नव्हती.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन काकांचे.